घरातलं ‘आत’ कुठे गेलं?

घर बघायला गेलात की एक क्षण हमखास येतो. एजंट दार उघडते, चार पावलं पुढे जाते, दोन्ही हात पसरते आणि म्हणते, “बघा, किती मोकळं आहे!” समोर एकच लांबरुंद जागा असते. डावीकडे सोफा, मध्ये जेवणाचं टेबल, उजवीकडे आयलंड, त्यामागे गॅस, आणि नजर थेट मागच्या काचेच्या दारापर्यंत जाते. तुम्ही व्हिडिओ कॉलवर आईबाबांना हे सगळं फिरवून दाखवत असता. बाबा म्हणतात, “वा, प्रशस्त आहे.” आई विचारते, “आणि स्वयंपाकघर कुठंय?” तुम्ही म्हणता, “अगं, हेच की!”

दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीत घर शोधत होतो तेव्हा शेवटी दोन घरं उरली. एक नुकतंच नूतनीकरण केलेलं, मधल्या सगळ्या भिंती पाडलेलं. दुसरं १९५०च्या दशकातलं, छोट्या छोट्या खोल्यांचं, किचनला चक्क दार असलेलं. किंमत जवळजवळ सारखी. माझा जीव पहिल्यावर जडला होता. बायको म्हणाली, “घाई नको.” त्या वेळी आम्ही भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो, तेही ओपन प्लॅनचंच होतं, आणि आई सहा महिन्यांसाठी आलेली होती.

एका रात्री कचरा बाहेर ठेवायला म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. दिवा बंद होता, पण गाडीत उजेड दिसला. आई शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसली होती आणि सांगलीला मावशीशी फोनवर बोलत होती. जानेवारी महिना होता. मी काच ठोठावली तर दचकली. म्हटलं, “अगं, इथे काय करतेयस? गारठशील!” ती म्हणाली, “तुझ्या घरात बोलायला जागा नाही रे. सगळं दिसतं आणि सगळं ऐकू जातं. आपल्याकडे कोणी आलं की मी आत जायचे. इथे ‘आत’ असं काही नाहीच.”

घरांच्या रचनेवर आम्ही पॉडकास्टचा अख्खा भाग केला, त्यात आईचं हे वाक्य सांगायचं राहून गेलं. म्हणून हा लेख. मला तुमच्यापुढे एवढंच मांडायचंय की ओपन प्लॅन की बंद खोल्या, हा वाद आपण चुकीच्या टोकानं घालतो. किती भिंती आहेत हे आपण मोजतो. दार कुणाच्या हातात आहे हे विचारत नाही.

घराचा नकाशा हा वाचायचा मजकूर आहे, हे मला शिकवलं रॉबिन इव्हान्स या ब्रिटिश अभ्यासकानं. त्याचा ‘फिगर्स, डोअर्स अँड पॅसेजेस’ हा निबंध १९७८ सालचा. त्यात तो एक साधी गोष्ट करतो. जुन्या घरांचे नकाशे समोर ठेवतो आणि प्रत्येक खोलीला किती दारं आहेत ते बघतो. सोळाव्या शतकातल्या इटलीत, उदाहरणार्थ राफाएलनं आखलेल्या रोमच्या व्हिला मादामामध्ये, खोल्यांना अनेक दारं आहेत. एका खोलीतून दुसरीत, तिच्यातून तिसरीत. कुठेही जायचं तर माणसांच्या मधूनच जावं लागतं. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वेगळं घर उभं राहतं. बर्कशरमधलं कोलशिल हे त्याचं उदाहरण, रॉजर प्रॅटनं बांधलेलं. घराच्या मधून सरळ एक लांब पॅसेज जातो, प्रत्येक खोली त्या पॅसेजवर उघडते, आणि नोकरांसाठी मागचे जिने वेगळे. का? तर नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेला पडू नये. हे घर १९५२ साली आगीत गेलं, पण त्याची कल्पना आपल्या प्रत्येक हॉटेलात आणि अपार्टमेंटमध्ये जिवंत आहे.

म्हणजे आज ज्याला आपण ‘बंद प्लॅन’ म्हणतो तो काही अनादी काळापासून चालत आलेला नाही. तो एका विशिष्ट समाजानं, आपले नोकर दिसू नयेत म्हणून, तयार केला. हे कळलं तेव्हा मला खरोखर धक्का बसला होता. आपण भिंत म्हणजे खासगीपणा असं समजतो. इव्हान्स दाखवतो की खासगीपणा आणि लपवाछपवी एकाच पॅसेजमधून आले.

मात्र इव्हान्सशी माझं एक भांडण आहे. त्याला त्या जुन्या, एकात एक उघडणाऱ्या खोल्यांविषयी ओढ आहे. माणसं एकमेकांना धडकत होती, भेटत होती, शरीरानं जवळ होती, ते आपण गमावलं असं त्याला वाटतं. वाचताना छान वाटतं. पण एकत्र कुटुंबातल्या कुठल्याही सुनेला विचारा. सतत कुणाच्या तरी समोरून जावं लागणं म्हणजे दर वेळी भेट नसते. पुष्कळदा ती हजेरी असते. कोण किती वेळ झोपलं, कुणाचं पत्र आलं, कोण रडलं, सगळ्याची नोंद होते. अशा घरात कुणाला धडकण्याचा आनंद होतो आणि कुणाला धास्ती, हा प्रश्न इव्हान्सच्या निबंधात मागेच राहतो.

आता ओपन प्लॅनकडे येऊ. अमेरिकेत त्याचं श्रेय बहुतेक वेळा फ्रँक लॉइड राइटला दिलं जातं. शिकागोचं रॉबी हाउस, १९१०. बसायची आणि जेवायची जागा एकच सलग, मध्ये फक्त शेकोटी. भिंतींची खोकी फोडली म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तही आहे. पण तो नकाशा पूर्ण बघा. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मागच्या अंगाला, वेगळ्याच. म्हणजे पहिला गाजलेला मोकळा प्लॅन मालकांपुरताच मोकळा होता. राबणारे हात अजून ‘आत’च होते.

राइटच्या घरात स्वयंपाकघर उघडं पडलं ते पुढच्या पंचवीसेक वर्षांत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात १९३७ साली जेकब्स कुटुंबासाठी त्यानं लहानसं घर बांधलं. नवरा पत्रकार, बायको, छोटी मुलगी, खर्च ५,५०० डॉलर. नोकर परवडण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे स्वयंपाकघर घराच्या मध्यावर आलं, जेवायच्या जागेला चिकटून, आणि राइटनं त्याचं नावच बदललं. तो त्याला ‘वर्कस्पेस’ म्हणायला लागला. भिंत पडली ती नोकर गेला तेव्हा. जी बाई आता स्वतः स्वयंपाक करते, तीच पाहुण्यांशी बोलणार आणि मुलीवर लक्ष ठेवणार. एकीला तीन कामं करायची असतील तर मध्ये भिंत ठेवून चालत नाही.

त्याच सुमाराला युरोपात नेमकं उलटं उत्तर दिलं गेलं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईनं फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एक माणूस इतक्या कमी जागेत इतक्या लोकांचं जेवण कसं करतो, ते बघून तिनं प्रत्येक फळी, प्रत्येक खण बेतला. पावलं वाचली पाहिजेत, वेळ वाचला पाहिजे, आणि तो वेळ बाईला स्वतःसाठी मिळाला पाहिजे, हा तिचा विचार. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पुढे १९७०च्या दशकात स्त्रीवाद्यांनी त्यावर टीका केली, की तुम्ही बाईला एका कपाटात एकटीला कोंडलंत. टीका खरी आहे. पण त्या स्वयंपाकघराला शेजारच्या खोलीकडे उघडणारं एक सरकतं दार होतं. शिजवता शिजवता मुलांकडे बघता यावं म्हणून ते उघडायचं, आणि वास-वाफ तिकडे जाऊ नये म्हणून लावायचं. ओपन-क्लोज्डच्या वादात या दाराचा उल्लेख फार क्वचित होतो. मला मात्र सगळ्यात शहाणी गोष्ट तीच वाटते.

भिंती पडायला आणखी काही साध्या कारणांनी मदत केली. शेकोटीवर घर तापवायचं तेव्हा दार लावून घेतलं नाही तर ऊब टिकत नसे. सेंट्रल हीटिंग आलं आणि ती गरज संपली. छपरासाठी कारखान्यात तयार झालेल्या लाकडी कैच्या आल्या. त्यांचा भार बाहेरच्या भिंती पेलतात, त्यामुळे आतल्या भिंती बऱ्याच अंशी ऐच्छिक झाल्या. आणि १९९४ पासून एचजीटीव्ही आहेच. नवराबायको डोळ्यांवर गॉगल चढवतात, हातोडा उचलतात, भिंत पडते, सगळे टाळ्या वाजवतात. भिंत पडण्यासारखा क्षण टीव्हीला दुसरीकडे मिळत नाही. दार हळूच लावून घेणाऱ्या माणसावर कार्यक्रम होत नाही.

मग ओपन प्लॅननं दिलेला शब्द पाळला का? शब्द असा होता की शिजवणारी व्यक्ती एकटी पडणार नाही, सगळे एकत्र येतील.

अर्धा पाळला. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलएच्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ कुटुंबांचा अभ्यास केला. आईवडील दोघंही नोकरी करणारे, घरात मुलं. संशोधक घरात थांबायचे आणि दर दहा मिनिटांनी कोण कुठे आहे, काय करतंय, हे टिपायचे. २०१२ साली त्याचं पुस्तक आलं. त्यातल्या एका घराच्या नकाशावर माणसांचे ठिपके मांडलेत. किचन आणि लगतच्या जागेत ठिपक्यांची नुसती गर्दी, आणि सजवलेली लिव्हिंग रूम जवळजवळ रिकामी. घर कुठे जगलं जातं हे त्या एका चित्रात कळतं. पण ही सगळी घरं काही नव्या ओपन प्लॅनची नव्हती. माणसं जेवणाच्या वासामागे जातात, भिंत असो वा नसो. तुमच्या आजोळी सगळे स्वयंपाकघरातच घुटमळायचे ना? तिथे कुणी भिंत पाडली होती?

याच प्रकल्पातल्या कुटुंबांवर डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेट्टी यांचा एक अभ्यास २०१० साली आला. नवराबायकोंनी आपापलं घर कॅमेऱ्यावर फिरून दाखवलं, वर्णन केलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. हा अभ्यास ओपन प्लॅनवरचा नाही, आणि तीस-एक जोडप्यांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. पण मी तो वाचला आणि आमच्या टाउनहाउसकडे नव्यानं पाहिलं. सोफ्यावर बसलं की सिंकमधली भांडी दिसायची. मला दिसायची आणि मी बसून राहायचो. बायकोला दिसायची आणि ती उठायची. भिंत नसल्यामुळे तिचं काम वाटलं गेलं नाही. ते फक्त डोळ्यांसमोर राहिलं.

आणखी एक कबुली. रविवारी मी मटण करतो. मित्र आयलंडच्या पलीकडे उंच स्टुलांवर बसतात, मी कांदा परततो, गप्पा रंगतात, सगळे म्हणतात, “भाऊ, काय वास सुटलाय!” ओपन किचन मला रंगमंचासारखं वाटतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, लॅपटॉप अर्धा उघडा, कुकरच्या शिट्ट्या, मुलीचा गृहपाठ, हे सगळं बायको त्याच ओट्यापाशी करते तेव्हा समोरच्या स्टुलांवर कुणी नसतं. जागा तीच, प्लॅन तोच. एकाला प्रेक्षक मिळतात आणि दुसरीवर पहारा बसतो.

आता आपल्या लोकांची गंमत बघा. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅनडात ब्रॅम्प्टनला किंवा सरेला नवी घरं बघायला गेलात तर एक नवा शब्द ऐकू येईल, ‘स्पाइस किचन’. पुढे चकचकीत ओपन किचन, संगमरवरी आयलंड, वर तीन दिवे. आणि त्याच्या मागे दाराआड दुसरं, लहान, बंद किचन. खऱ्या फोडण्या तिथे. मासे तिथे तळायचे, कुकर तिथे लावायचा. अमेरिकनांमध्येही ‘मेस किचन’, ‘बॅक किचन’ या नावांनी हेच आलंय. कारण समजण्यासारखं आहे. बऱ्याच भाड्याच्या घरांत गॅसवरची चिमणी हवा बाहेर टाकतच नाही, गाळून पुन्हा घरातच सोडते. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जॅकेटला हिंग, हे तुम्हीही भोगलं असेल.

पण नकाशा म्हणून हे वाचा. पुढे दाखवायचं स्वयंपाकघर, मागे राबायचं. प्रॅटच्या कोलशिलमधला मागचा जिना साडेतीनशे वर्षांनी परत आला. फरक इतकाच की आता त्या जिन्यावरून नोकर जात नाही. भारतातून आलेली आई जाते, नाहीतर तासावर येणारी पोळीवाली मावशी, नाहीतर घरातलीच बाई. तुमच्यातलं कुणी दुबईत असेल तर त्यांना हे सांगायलाच नको. तिथल्या कित्येक फ्लॅटमध्ये किचनमागे ती इवलीशी खोली असतेच, मेड्स रूम. नकाशात तिचं नाव छापलेलं असतं. आपण घर बघायला जातो तेव्हा तिचं दार उघडून किती वेळ बघतो?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग जुनं तेच बरं होतं. आपला वाडा बघा! दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार, आड. प्रत्येक गोष्टीला जागा आणि प्रत्येक जागेला नाव. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना वाड्याचं फार आकर्षण असतं, मलाही आहे. चौकाची कल्पना सुंदरच आहे. एकाच वेळी घरात आणि आभाळाखाली.

पण वाडाही नकाशाच आहे, तोही वाचावा लागतो. दिंडीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारी ती खोल्यांची रांग म्हणजे कोण कुठपर्यंत येऊ शकतो याची पट्टी होती. कुणी अंगणाबाहेरच थांबायचं, कुणी ओसरीपर्यंत, कुणी सोप्यावर टेकायचं. जातीनं ठरायचं. स्वयंपाकघर सगळ्यात आत होतं, कारण ते सोवळ्याचं होतं. त्या सोवळ्यानं घरातल्या बायकांचं काय व्हायचं हे वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. वडिलांच्या सोवळ्यापायी घरात येणारी प्रत्येक वस्तू कशी धुऊन घेतली जायची, ते त्यांनी हसत हसत लिहिलंय, आणि वाचताना आपलं हसू हळूहळू आटतं. महिन्यातले चार दिवस ‘बाजूला’ बसणाऱ्या बाईची जागाही त्याच नकाशात ठरलेली होती.

आपल्या भाषेनं तर हे सगळं एका शब्दात साठवलंय. ‘आत.’ पाहुणे बाहेर बसतात, चहा आतून येतो. वाक्य नीट ऐका. चहा आतून येतो. कुणी केला, कोण उभं होतं, दूध नासलं म्हणून कोण शेजारी धावलं, यातलं काही वाक्यात नाही. ‘आत’ म्हणजे जिथे राबणारा माणूस व्याकरणातूनही गायब होतो अशी जागा. आणि तरीही माझी आई गॅरेजमध्ये शाल गुंडाळून त्याच ‘आत’साठी झुरत होती. कारण तिच्यासाठी ‘आत’ म्हणजे दुसरंही काही होतं. पदर सैल सोडायची जागा. बहिणीशी मनातलं बोलायची, नवऱ्याच्या पाहुण्यांना मनसोक्त नावं ठेवायची, पाच मिनिटं जमिनीवर आडवं व्हायची जागा. तिचं काम ज्यानं लपवलं, त्यानंच तिला थोडा आडोसाही दिला. ओपन प्लॅननं काम उजेडात आणलं, चांगलं केलं. त्याच फटक्यात आडोसाही पाडला.

या वादात आणखी एक घर आणायलाच हवं, नाहीतर सगळी चर्चा वाडेवाल्यांची होऊन बसते. मुंबईतल्या बीडीडी चाळी, १९२०च्या दशकात सरकारी खात्यानं बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप, कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामायिक. यापेक्षा मोकळा प्लॅन जगात कुठे असेल? पण त्याला कुणी ‘ओपन कन्सेप्ट’ म्हटलं नाही. तीच गोष्ट पैसेवाल्यानं निवडली की शैली होते, गरिबाच्या वाट्याला आली की अडचण.

चाळीतल्या माणसांनी मग भिंतींशिवाय भिंती उभ्या केल्या. दोरीवरची साडी, ट्रंकांची उतरंड, बाहेरची गॅलरी, जिन्याची पायरी. आणि सगळ्यात महत्त्वाची भिंत, वेळ. डॉ. आंबेडकरांच्या शाळकरी वयातला एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. परळ भागातल्या चाळीत सगळं बिऱ्हाड एका खोलीत. भीमराव लवकर झोपायचे. वडील रामजी जागे राहायचे, रात्री दोनच्या सुमाराला मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग मुलाच्या जागी स्वतः झोपायचे. मला हा घराच्या रचनेवरचा फार मोठा धडा वाटतो. खोली वाढवता येत नव्हती, म्हणून एका बापानं आपली झोप बाजूला सारून मुलासाठी रात्रीतून एक अभ्यासिका काढली. पुढे १९३०च्या दशकात त्या मुलानं दादरला ‘राजगृह’ बांधलं तेव्हा त्यात पुस्तकांना भरघोस जागा दिली, यात नवल ते काय!

म्हणून आता तुम्ही घर बघायला जाल, भाड्यानं किंवा विकत, तेव्हा एजंटच्या पसरलेल्या हातांकडे थोडं दुर्लक्ष करा आणि मनातल्या मनात तीन गोष्टी विचारा.

पहिली: या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, लावून घेता येईल असं एक तरी दार आहे का? मुलांना असतं, कारण त्यांच्या नावाची खोली असते. वर्क-फ्रॉम-होमवाल्याला असतं. सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांना असतं का? बेडरूम असली तरी ‘दिवसाढवळ्या दार लावून आत काय बसलीस’ असं कुणी म्हणणार नाही, अशी जागा?

दुसरी: ओट्यापाशी उभं राहिलं की मला कोण दिसतं, आणि मी कुणाला दिसतो? या दोन प्रश्नांची उत्तरं सारखी नसतात. प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. नवऱ्यांनो, तुम्हीही उभे राहा. आणि मंगळवारचा विचार करा, रविवारचा नको.

तिसरी: भिंत असेल तर ती उघडता येईल का, नसेल तर घालता येईल का? सरकतं दार, काचेचं पार्टिशन, जाड पडदा, काहीही. श्युटे-लिहोत्स्कीला जे १९२६ साली सुचलं ते आज अशक्य नाही. सतत उघडं आणि सतत बंद, दोन्ही घरं रुसलेल्या माणसाला सारखीच अडचणीची.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो माझ्या बायकोनंच घेतला. ती म्हणाली, “दार असलं की पुन्हा मीच त्याच्या आड जाणार. तुझ्या इतिहासाच्या धड्यातून एवढंच निघणार असेल तर मला ओपनच बरं. निदान तू बघशील तरी.” याला माझ्याकडे प्लॅनमधून उत्तर नाही. कुठलाही नकाशा भांडी घासत नाही. दिसण्यानं काम वाटलं जाईल ही ओपन प्लॅनची आशा जितकी भाबडी, तितकीच दारानं खासगीपणा आपोआप मिळेल ही माझी. मंगळवारचा स्वयंपाक कुणी करायचा हे आम्ही घर घेण्याआधी कागदावर लिहिलं. एजंटला तो कागद दाखवला नाही, पण व्यवहाराच्या सगळ्या कागदांत तो महत्त्वाचा होता असं मला अजून वाटतं.

शेवटी आम्ही दुसरं घर घेतलं, जुनं. किचनची एका बाजूची भिंत अर्धी कापून तिथे सरकतं दार बसवलं. बहुतेक वेळा ते उघडंच असतं. मासे तळताना लावतो, आणि मुलीची परीक्षा असली की लावतो. मंगळवार आणि गुरुवार आता माझे आहेत, आणि प्रेक्षक नसताना कांदा चिरायला किती कंटाळा येतो हे मला कळलंय.

किचनला लागून एक बारकी खोली आहे, जुन्या मालकानं तिथे शिवणयंत्र ठेवलं होतं. एजंट म्हणाली होती, “ही भिंत काढली की जागा मस्त मोकळी होईल.” आम्ही काढली नाही. तिथे एक खाट, एक खुर्ची आणि फोनचा चार्जर आहे. यंदा आई आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिनं मावशीला फोन लावला आणि दार ओढून घेतलं. ती इतक्या मोठ्यानं बोलते की निम्मं तरी आम्हाला ऐकू येतंच. सुनेबद्दल काय बोलली तेही आलं. पण आम्ही टीव्हीचा आवाज थोडा वाढवला, आणि दार तिनं उघडेपर्यंत कुणी तिकडे गेलं नाही.